चहा कशात दिला होता

ताई गेल्याचा फोन भाऊसाहेबांनी केला. भाऊसाहेब म्हणजे तिचे थोरले दीर, काष्टीजवळच्या वस्तीवरच्या त्या घराचे कर्ते. सकाळची वेळ होती, माझा चहा गॅसवर उकळत होता. "शालन गेली," ते म्हणाले, "पहाटं. तरास न्हाई झाला." मग जरा थांबून, माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून असेल, पुढे म्हणाले, "च्या मागितला हुता. दोन घोट घेतलं आन् ठिवून दिला." बहीण गेल्याचं ऐकलं की माणूस रडतं, कसं झालं ते विचारतं. माझ्या तोंडून निघालं ते भलतंच. मी विचारलं, "चहा कशात दिला होता?" "कशात म्हंजी? पेल्यात," ते म्हणाले, आणि फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेला. श्रीरामपूरच्या बाईला धक्का बसलाय, ती काहीबाही बोलतीय, असं त्यांनी वस्तीवर सांगितल्याचं मला मागून कळलं. धक्का बसला होता हे खरं. पण काहीबाही मी बोलत नव्हते. इतका मुद्द्याचा प्रश्न त्या घराला आजवर कुणी विचारला नव्हता.

वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी ताईवर चार शब्द लिहा, असं मला सांगण्यात आलं तेव्हाच मी बजावलं होतं, की गोड लिहिणं मला जमणार नाही. माझी सगळी नोकरी एस.टी.च्या चौकशीच्या खिडकीत गेली. गाडी लागली आहे, लागली नाही, रद्द झाली आहे, याच्या पलीकडे बोलायची मला सवय नाही. गेलेल्या बाईबद्दल लिहिताना तिच्या सासरचं चांगलं लिहावं, निदान वाईट लिहू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. "सासरी ती दुधात साखर विरघळावी तशी विरघळली," हे वाक्य मी कितीतरी बायकांविषयी वाचलेलं आहे. माझी बहीण विरघळली नाही. ती तळाशी बसून राहिली आणि वाट बघत राहिली. कशाची, ते पुढे येईलच. भाऊसाहेब रविवारची पुरवणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, ओसरीवर खुर्ची टाकून, हातात चहा घेऊन. हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर लिहायला हो म्हटलं.

आमचे वडील, अण्णा, श्रीरामपुरात स्टेशनजवळ चहाचं हॉटेल चालवायचे. हॉटेल म्हणजे चार बाकं, एक भट्टी आणि मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या. कापसाच्या व्यापाऱ्यापासून हमालापर्यंत आणि चर्चमधली मास, म्हणजे प्रार्थना, सुटल्यावर येणाऱ्या मंडळींपर्यंत सगळे तिथे टेकायचे. अण्णांचा चहा काही जगावेगळा नव्हता. साखर अंमळ जास्तच असायची, आणि आलं घातलं की वेलची घालायला ते हटकून विसरायचे. पण चहा कशात द्यायचा याबाबतीत माणूस भलता हट्टी. बुडाला जाड, मधे किंचित आवळलेला, अंगावर उभ्या रेघा असलेला काचेचा ग्लास. दुसऱ्या कशात चहा मिळणार नाही. कुणी कपबशी मागितली, तर समोरच्या हॉटेलात जा म्हणायचे, आणि गिऱ्हाईक खरंच गेलं तर दिवसभर चिडचिड करायचे. त्यांचं म्हणणं असं, की भांड्याचं तोंड अरुंद असलं की वाफ इकडेतिकडे पळत नाही, नाकाशी थांबते, आणि चहा निम्मा नाकानंच प्यायचा असतो. पसरट भांड्यात ओतलात की वास हवेत जातो, चहा निवतो, आणि मागे उरतं ते गोड पाणी. ताक मात्र त्यांना पसरट वाडग्यातच लागायचं. लिंबाचं सरबत उंच ग्लासात नसेल, तर ते त्याला सरळ औषध म्हणायचे. यातलं किती खरं ते मला आजही सांगता येणार नाही. कॉफी बशीतच चांगली लागते असंही ते छातीठोकपणे सांगायचे, आणि ते साफ चूक आहे.

अण्णांचं हे वेड ताईनं जसंच्या तसं उचललं. दुपारी गिऱ्हाईक नसलं, की अण्णा तिच्या डोळ्यांवर पंचा बांधायचे आणि एकाच पातेल्यातला चहा ग्लासात, कपात, स्टीलच्या फुलपात्रात, वाटीत ओतून तिच्या ओठाला लावायचे. ती चव घेऊन बरोब्बर सांगायची, "हा वाटीतला. ह्याचा वास उडालाय." मी धाकटी, खोडकरही, आणि तेव्हापासूनच मला लोकांच्या बोलण्यातल्या फटी दिसायच्या. मी म्हणायचे, यात कसलं आलंय कौतुक, भांडं ओठाला कळतं, हिनं चव कुठे ओळखली, हिनं भांडं ओळखलं. ताई पंचा न सोडताच म्हणायची, "ओठाला कळलं ते जिभेला कळत नाही होय? दोघं एकाच तोंडात राहतात ना?" अण्णा भट्टीमागे खदाखदा हसायचे. चहा संपला की रिकामा कोमट ग्लास गालाला लावून ती डोळे मिटून बसायची. मोठी होऊन दोन वेण्यांची एक वेणी झाली तरी ही सवय गेली नाही. तिचा एक गाल कायम दुसऱ्यापेक्षा लाल असायचा, असं आई गमतीनं म्हणे.

लग्नात तिच्या रुखवतात अण्णांनी त्या ग्लासांचा अर्धा डझन मांडला. कोरे होते, मुद्दाम आणवलेले, प्रत्येकात चिमूटभर तांदूळ आणि वर एक सुपारी. बाकी सगळं रीतसर होतं, अनरसे, शेवयांची घरटी, लोकरीचा ससा. पण वरपक्षाच्या बायका येऊन त्या ग्लासांसमोरच थांबल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. भाऊसाहेब तेव्हा ऐन जवानीत होते, थोरला भाऊ म्हणून मिरवत होते. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की पाव्हण्यांनी पोरीसंगं हाटेल बी धाडलंय. अण्णा हसले. मुलीचा बाप होते, दुसरं काय करणार? मी मात्र त्या दिवशी भाऊसाहेबांचा चेहरा नीट बघून ठेवला. माणसं रुखवतातल्या वस्तू लक्षात ठेवतात, मी तो चेहरा लक्षात ठेवला.

त्या घरात चहाची एक रीत होती. पुरुषांना ओसरीवर कपबशी. पाहुण्यांना स्टीलचे ग्लास, नावं घातलेले. मग पातेल्यात उरेल त्यात पाणी वाढवून, पुन्हा उकळून, चुलीपाशी सुनांना. आणि नव्या सुनेला जर्मनचा पेला. जर्मनचा म्हणजे ॲल्युमिनियमचा, आमच्याकडे असंच म्हणतात. तळहाताएवढ्या तोंडाचा, काठाला पोचा आलेला, आतून काळपट. त्यात ओतलेला चहा आधी ओठ भाजतो आणि ओठ सावरेपर्यंत थंडगार होतो, वरून धातूची कसलीशी तुरट चव. ताईनं पहिल्याच आठवड्यात तिच्या सासूला, आत्याबाईंना, भाबडेपणानं विचारलं, मी माझ्या ग्लासात घेऊ का, ह्याच्यात चव बदलते. झालं. त्या दिवसापासून ती त्या घरातली चवीची बाई झाली. आत्याबाई म्हणाल्या, "चव जिभंत आसती बाई, भांड्यात न्हाई. तुझी जीभ लांब हाय." भाऊसाहेब ओसरीवरून म्हणाले, की कशात बी प्या, पोटात जाऊन एकच. आणि दाजी, म्हणजे ताईचा नवरा, काहीच म्हणाले नाहीत. दाजींनी आयुष्यभर तेच केलं. स्वभावानं गरीब माणूस. पण गरीब स्वभावाच्या माणसाच्या बायकोला त्याचा काही उपयोग नसतो, हे मी इतकी वर्षं बघितलं.

एका पेल्यावरून एवढं काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. वाटू दे. ताईला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त तिला जे रोज जिभेवर कळत होतं, ते खोटं आहे असं तिला रोज सांगितलं. भाजी अळणी झाली आहे म्हटलं, की ही चवीची बाई. मुलीला कॉलेजात घालू या म्हटलं, की हिला पेला बी चालत न्हाई. वैशालीचं, तिच्या एकुलत्या मुलीचं, शिक्षण ताईनं भांडून केलं, आणि त्या प्रत्येक भांडणात तो पेला तिच्या तोंडावर मारला गेला. घरात आलेल्या पाहुण्याला हसवायचं असलं, की भाऊसाहेब रुखवतातल्या हॉटेलाची गोष्ट सांगायचे. पाहुणे हसायचे. ताई त्याच पाहुण्यांसाठी आत चहा गाळत असायची.

अण्णांचे ग्लास तोवर काचेच्या कपाटात शोभेला गेले होते. तिथून ते एकेक करून मळ्यात गेले. भाऊसाहेबांची मित्रमंडळी विहिरीवर बसायची, त्यांच्या बाटलीला ते ग्लास बरे पडायचे. गंमत बघा, दारू कशातही पिऊन पोटात एकच होते, हे तेव्हा कुणी म्हणालं नाही. एकेक ग्लास फुटत गेला. शेवटचा उरला, तो ताईनं ज्वारीच्या कोठीत दडवला. मी उन्हाळ्यात तिच्याकडे गेले होते तेव्हाची गोष्ट. सगळे मळ्यात गेल्यावर तिनं दाराला आतून कडी घातली, कोठीत कोपरापर्यंत हात घालून ग्लास बाहेर काढला, पदरानं पुसला, आणि चोरून चहा केला. घोटभर ती, घोटभर मी, असा आम्ही दोघींनी तो प्यायला. ग्लासाला ज्वारीचा वास होता. शेवटी रिकामा ग्लास गालाला लावून तिनं डोळे मिटले, आणि मी विचारलं, की तू हे सगळं सहन का करतेस? ती डोळे न उघडता म्हणाली, "सहन कुठं करते? मी मोजत बसलीय." इतकी वर्षं तिकडे काढल्यावर तिची बोलीही तिकडची झाली होती. पण त्या वाक्याला जी धार होती ती आमच्या हॉटेलातली होती, स्टेशनवरच्या गर्दीत वाढलेल्या मुलीची.

आत्याबाई गेल्या. सुना स्टीलवर आल्या, नातसुना तर चिनी मातीचे मोठाले मग घेऊन ओसरीवरच बसू लागल्या. जर्मनचा पेला माळ्यावर गेला. संपलं असं मला वाटलं... मग ताईच्या छातीत गाठ निघाली. नगरला दवाखाना सुरू झाला. डॉक्टरांनी भाऊसाहेबांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं, की हा आजार लागट नसतो, जेवणखाण, भांडी, काहीही वेगळं करायची गरज नाही. मी तिथेच होते. भाऊसाहेबांनी मान डोलावली, डॉक्टरांना नमस्कार केला, गाडीत माझ्याशी पावसापाण्याच्या गोष्टी केल्या. घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरून तो पेला काढायला लावला. एक ताट, एक वाटी आणि तो पेला, ताईच्या खाटेखाली. का, तर घरात लहान लेकरं आहेत. डॉक्टर शिकलेले असतील, पण त्यांच्या घरात लेकरं कुठे आहेत?

पुढच्या खेपेला गेले तेव्हा ताईनं चहा सोडला होता. घरातले म्हणाले, औषधानं तोंडाची चव गेली आहे, डॉक्टर बोललेच होते तसं. डॉक्टर बोलले होते हे खरं. मी कोठीतून ग्लास काढला. कोठी आता रिकामीच असायची, तळाशी पोत्यात गुंडाळलेला तो ग्लास होता. चहा केला, अण्णांसारखा साखर जास्त घालून, आणि ताईच्या हातात दिला. मी धरू का म्हटलं, तर नको म्हणाली. सगळा प्यायली. सावकाश, नाक ग्लासात खुपसून, मधे मधे थांबत... मग ग्लास गालाला लावला. तिचे गाल बसले होते, ग्लासाच्या रेघा गालावर उमटल्या. औषधानं चव जाते, जात असेलही. पण माझ्या डोळ्यांदेखत ती तिला सापडली होती, आणि हे मला कुठल्याही डॉक्टरनं सांगायची गरज नाही. तेवढ्यात भाऊसाहेब दारात आले. ग्लास बघून म्हणाले, की आता त्यो हितंच खाटंखाली ठिवा, आत नेऊ नका.

त्या दिवशी मी तिला म्हटलं, चल माझ्याबरोबर. श्रीरामपुरात मी एकटीच आहे, घर मोठं आहे, अण्णांच्या हॉटेलातले दोन ग्लास माझ्याकडे अजून आहेत. रोज चहा देते. ती नाही म्हणाली. मी चिडले. बरंच बोलले. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. एकदाच. की चव बदलती." मी म्हटलं, ते या जन्मात म्हणणार नाहीत. ती म्हणाली, "म्हनतील. आपन मरायच्या आत म्हनलं म्हंजी झालं." हसली आणि मग खोकली. तिला माफी नको होती, माया नको होती, आणि वाटा तर तिनं कधी मागितलाच नव्हता. त्या घरातल्या कुणीतरी एकदा तोंड उघडून म्हणावं, की हो, शालन, तुला लागत होतं ते खरं होतं. एवढ्यासाठी ती त्या खाटेवर राहिली. आणि एवढंही तिला मिळालं नाही.

तिला नेलं त्या दिवशी मी तो ग्लास शोधला. खाटेखाली नव्हता. वैशालीनं रडत रडत सांगितलं, की भाऊसाहेबांनी गादी, गोधड्या, औषधं सगळं बांधून उकिरड्यावर नेऊन टाकलं, त्यातच ग्लासही गेला. पेला मात्र ठेवला होता. दहाव्याला लागेल म्हणून.

दहाव्याला नदीवर सगळे जमले. पिंड ठेवले, शेजारी तिच्या आवडीचं म्हणून बुंदीचा लाडू, आणि चहा. चहा त्या जर्मनच्या पेल्यात. घाटावर नेलेलं भांडं परत आणत नाहीत, मग चांगलं कशाला वाया घालवा, असा हिशेब. सगळे मागे सरून उभे राहिले. कावळा कधी कधी तासन् तास शिवत नाही, मग घरचे हात जोडून कबूल करत बसतात, मुलीला अंतर देणार नाही, अमुक करू, तमुक करू. मी मनातून वाट बघत होते, की कावळा येऊ नये. उन्हात उभे राहू देत, घाम फुटू दे, भाऊसाहेबांना एकेक कबुली देत शेवटी ग्लासापाशी यावं लागू दे. पण कावळा आला तो लगेच. पिंडाकडे बघितलंही नाही, थेट पेल्यात चोच घातली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. भाऊसाहेबांनी डोळे पुसले, खरंच पुसले, आणि म्हणाले, "बगा, काई इच्छा ऱ्हायली न्हाई तिची. च्याला शिवली."

मी म्हटलं, "ती ताई नव्हती."

सगळे माझ्याकडे वळले. मी चौकशीच्या खिडकीतल्या आवाजात, शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असं म्हटलं, "माझी बहीण आपण होऊन त्या पेल्याला तोंड लावणार नाही. आत्याबाई असतील. त्यांना कशातही चालायचं." एक म्हातारी पदराआड फसकन हसली आणि मग खोकल्याचं सोंग करत बसली. भाऊसाहेबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. ते म्हणाले, की आता मेल्यावर तरी ते ग्लासाचं खूळ सोडा. मी पुढे गेले, पेल्यातला उरलेला चहा नदीत ओतला, पेला वाळूनं घासून धुतला आणि पिशवीत टाकला. घाटावरचं घरी नेत नसतात, असं दोघातिघांनी सांगितलं. मला ते ठाऊक होतं. एस.टी.त सगळा वेळ पिशवी मांडीवर घेऊन बसले, आणि मला अजिबात भीती वाटली नाही. सूड हा शब्द वाईट आहे असं शाळेत शिकवतात. त्या प्रवासात मला त्याच्याशिवाय दुसरा शब्द सुचत नव्हता, आणि त्याची ऊब बरी वाटत होती.

मग काही आठवडे गेले. परवा भाऊसाहेब आणि दाजी श्रीरामपुरात आले. बाजारात काम होतं. मयतीनंतर सोयऱ्यांच्या दारावरून तसंच पुढे जाता येत नाही, म्हणून माझ्याकडे टेकले. मी या म्हटलं, बसा म्हटलं, पाणी दिलं. नदीवरच्या बोलण्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. आत जाऊन एकाच पातेल्यात चहा ठेवला. आलं, वेलची, सगळं आठवणीनं घातलं. जन्मात केला नसेल इतका चांगला चहा केला. दाजींचा आणि माझा अण्णांच्या ग्लासांत गाळला. भाऊसाहेबांचा त्या पेल्यात. राखेनं घासून घासून त्याला अशी चकाकी आणली होती, की नवा वाटावा. पोचा तेवढा तसाच होता.

दाजींनी पेला बघितला. बघितल्याबरोबर ओळखला, कारण त्यांची नजर त्याच्यावरून उठेचना. मला वाटलं, आता हे बोलणार. आयुष्यात एकदा बोलणार, आणि तेही आत्ताच... त्यांनी ग्लास उचलला आणि मान खाली घालून प्यायला सुरुवात केली. भाऊसाहेबांनी पेला तोंडाला लावला, ओठ भाजला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. एक घोट, दोन घोट. मग इकडेतिकडे बघितलं आणि दाजींना विचारलं, "तुला कसा लागला रं?"

"झ्याक हाय," दाजी म्हणाले.

"मला पानचट लागतोय." मग माझ्याकडे वळून, जरा ओशाळून, "ह्याचा येगळा केलाय का?"

एकाच पातेल्यातला आहे, मी म्हटलं. त्यांना ते पटेना. त्यांनी दाजींच्या हातातला ग्लास घेतला, एक घोट मारला, गिळला, पुन्हा आपला पेला तोंडाला लावला. कपाळावर आठ्या. चहा जाणणारा माणूस आहे, ओसरीवर बसून आयुष्यभर आयता चांगला चहा प्यायलेला. मी अगदी साधेपणानं विचारलं, "का, चव वेगळी लागते का?"

"लागती की," भाऊसाहेब म्हणाले. "लई येगळी लागती."

दाजींनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. भाऊसाहेबांनी पेला अर्धा ठेवून दिला, ताईनं शेवटचा ठेवला होता तसाच, आणि थोड्या वेळानं दोघे गेले. मी दाराला कडी घातली, अण्णांच्या ग्लासात उरलेला माझा चहा संपवला आणि ग्लास गालाला लावून बसले. मला ती सवय कधीच नव्हती. त्या दिवशी लागली. ताई, म्हणाले बघ, असं मी मोठ्यानं म्हटलं. घरात कुणी नव्हतं. तुझ्या हयातीत नाही, पण त्यांच्याच तोंडानं, आणि तेही दोनदा सांगितलं.

तो पेला आता माझ्या स्वयंपाकघरात मांडणीवर आहे, ग्लासांच्या शेजारी पालथा. मी त्यात काही पीत नाही. भाऊसाहेब, तुम्हाला तो ओळखू आला नाही, याचं मला आश्चर्य वाटलं नाही. माळ्यावरून काढायला तुम्हीच लावलात, पण माझी बहीण इतकी वर्षं कशातून चहा पिते, ते तुम्ही कधी नीट बघितलंच नव्हतं, आणि नदीवर मी काय पिशवीत टाकलं तेही तुमच्या ध्यानात राहिलं नाही. आता कळलं असेल. तुमच्या हातात आत्ता चहा असेलच, तो निवायच्या आत संपवा. आणि श्रीरामपुरात आलात की घरी जरूर या. दार उघडं आहे. चहा त्याच पेल्यात मिळेल.